एका लाईनीवर दोन फोन

टेबलावर फोन नसला की साहेब साहेब दिसत नाही, दाखला मागायला आलेला माणूस दिसतो, असं नंदकुमार बाबूंचं ठाम मत होतं. म्हणून भोपाळचे मोठे साहेब तपासणीला यायच्या दिवशी सकाळी साडेनऊला बाबूंनी बाजारातून लाल रंगाचा नवाकोरा फोन आणला, ऑफिसच्या मधल्या खोलीतल्या टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरून त्यावर ठेवला आणि त्याची वायर भिंतीच्या भोकातून मागच्या खोलीत ढकलली.

मागच्या खोलीत निरंजन होता. भिंतीतून वायरीचं टोक सापासारखं बाहेर येताना त्याला दिसलं, आणि मागोमाग बाबूही दारात आले.

"बाबूजी, हे काय करू राहिले?"

"जोडून दे. पॅरलल. तुला येतं ना?"

"लाईन एकच आहे आपल्याकडं."

"म्हणून तर पॅरलल म्हणतो. दोन लाईनी असत्या तर तुझी गरज काय होती?"

"त्या लाईनीवर मोडेम आहे. अकरा वाजता तुकईथडवरून फोन येईल. दुसरा फोन उचलला की सगळं तुटतं. मी कागद लावेल आहे भिंतीवर."

"कुठं आहे कागद?"

निरंजननं भिंतीकडं पाहिलं. टेलिफोनच्या चौकोनी डबीवर त्यानं मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहून चिकटवलं होतं, की या लाईनीवर दुसरा फोन लावू नये. तपासणी म्हणून परवा सगळ्या ऑफिसला चुना मारला होता. मारणाऱ्यानं कागदावरूनच ब्रश फिरवला होता. जवळ जाऊन पाहिलं तर कागदाचा फक्त चौकोनी फुगवटा तेवढा कळत होता.

"बघ," बाबू म्हणाले. "काहीच नाही लिहेल. चल, जोड पटकन. साहेबापुढं बिना फोनचा टेबल ठेवू का मी? ते काय म्हणतील? बुऱ्हाणपूरवाल्यांना रीतभात नाही म्हणतील."

निरंजननं जोडला. ही गोष्ट सांगताना हे आधीच सांगितलेलं बरं. वायर त्यानंच सोलली, त्यानंच पिळली, त्यानंच टेप लावली. नऊ वर्षं रोजंदारीवर काढलेला माणूस 'नाही' हा शब्द विसरलेला असतो. त्याला तो आठवतो घरी, जेवताना.

हे ऑफिस तापीचं पाणी मोजतं. नाव सांगून उपयोग नाही, पाटी वाचता येत नाही इतकी गंजली आहे. वर, तुकईथडच्या बाजूला नदीकाठी एक खोली आहे. तिथं सुपडू नावाचा साठीला टेकलेला माणूस पाण्यात रोवलेल्या पट्टीवरचा आकडा वाचतो आणि फोनवर सांगतो. तिकडं पाणी चढलं की काही तासांनी ते बुऱ्हाणपूरच्या राजघाटाच्या पायऱ्या चढायला लागतं. मधल्या वेळात घाटावरच्या लोकांना सांगायचं, सामान हलवा, जनावरं सोडा. एवढंच काम. पण सुपडूही माणूस आहे. त्याला ताप येतो, त्याच्या भाचीचं लग्न असतं, आणि तापी काही त्याची रजा पाहून चढत नाही.

म्हणून चार वर्षांपूर्वी एक योजना आली. सुपडूच्या खोलीत लोखंडी डबा बसवायचा. डबा पाणी मोजणार, रोज अकरा वाजता आपणहून बुऱ्हाणपूरला फोन लावणार, इकडचं कॉम्प्युटर फोन उचलणार आणि आकडे उतरवून घेणार. त्या टापूत मोबाइलची काडी दिसत नाही, म्हणून टेलिफोनची वायरच खरी. कुठल्याशा कंपनीची तीन पोरं आली. त्यांनी डबा ठोकला, कॉम्प्युटर ठेवलं, त्यात लिनक्स टाकलं, मोडेमचे लाल दिवे लावून दाखवले, दिव्यांसोबत फोटो काढले आणि निघून गेली. डबा फोन लावायचा, मोडेम चिरकायचा, आणि पुढं काही नाही. पोरांचा नंबर लागत नव्हता.

निरंजन तेव्हा पत्रं टाईप करायला होता. बारावी झालेला. त्या डब्यासोबत इंग्रजी पुस्तक आलं होतं, चारशे पानांचं. ते कपाटाचा पाय समान करायला लावलं होतं. निरंजननं ते काढलं, कपाटाखाली वीट सारली आणि डिक्शनरी घेऊन बसला.

काय काय केलं त्यानं, हे विचारणारा त्या ऑफिसात एकही नव्हता, म्हणून इथं सांगतो. फोन वाजला की मोडेमनं उचलला पाहिजे, हे पहिलं. त्यासाठी एक प्रोग्रॅम दारावर बसवावा लागतो, राखणदारासारखा. तो घंटी ऐकतो, मोडेमला उठवतो, समोरच्याला नाव आणि पासवर्ड विचारतो. खरा निघाला तर आत घेतो आणि दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात देतो. तो दुसरा दोन्हीकडच्या मशीनींना पत्ते वाटून देतो, आणि मग आकडे येतात. निरंजनचा राखणदार महिनाभर उठतच नव्हता. उठायला लागला तर नाव विचारून गप्प बसायचा. एका फाइलीत एका जागी एक चांदणी, ताऱ्याची खूण, टाकायची राहिली होती. एक चांदणी! त्यात अठरा दिवस गेले. मग कळलं की तारेचे खांब जंगलातून येतात, लाईनीवर खरखर आहे, एवढा वेग तिला झेपत नाही. वेग कमी केला. चार महिने लागले. पहिल्यांदा आकडा उतरला तेव्हा तो खुर्चीवरून उठून बाहेर गेला आणि हातपंपावर तोंड धुऊन आला. सांगायला कोणी नव्हतं.

नाही म्हणायला सुपडू होता. त्याला त्यानं फोन केला.

"सुपडूभाऊ, तुमचा डबा बोलला!"

"बोलला का? चांगलं झालं. मंग मले आता गप बसा लागंल."

"तसं नाही हो."

"तसंच आहे रे भाऊ. पण बोलला ते चांगलं झालं. तू लई मेहनत केली."

मग भोपाळहून पत्र आलं. तपासणीच्या दिवशी यंत्रणा साहेबांसमोर चालू आढळली, तर ऑपरेटरची एक जागा मंजूर आणि ती चालवणाराच त्या जागेवर परमनंट. आढळली नाही, तर योजना बंद, मशीन गोदामात आणि ऑपरेटरची सेवा महिनाअखेरीस समाप्त. निरंजनला चाळीस पूर्ण व्हायला दोन महिने होते. चाळिशीनंतर कुठलाच फॉर्म कोणी घेत नाही. त्या सकाळी ज्योत्स्नानं, त्याच्या बायकोनं, इस्त्रीचा शर्ट त्याच्या हातात दिला.

साहेब साडेदहाला आले. जाड, गोरे, घाईत. बाराच्या गाडीनं परत जायचं होतं. बाबूंनी हार घातला, काजू ठेवले, फोन दाखवला.

"सर, ये फोन आपके लिए."

"अच्छा किया. मोबाइल तो यहाँ पकड़ ही नहीं रहा," साहेब म्हणाले. दगडी भिंती, हातभर जाडीच्या. "ऑफिस में यही नंबर दे देता हूँ. मंत्रालय से ज़रूरी फोन आना है."

त्यांनी लगेच लाल फोनवरून भोपाळला नंबर कळवला. दाराशी उभ्या निरंजननं घड्याळाकडं पाहिलं. बाबूंनी त्याच्याकडं असं पाहिलं, जणू हा फोन आपल्याला देवानंच सुचवला.

निरंजननं धीर करून फाईल पुढं केली. "सर, पिछले आठ दिन का रिकॉर्ड है. रोज़ ग्यारह बजे डेटा आया है."

"कागज़ बहुत देखे हैं भाई. कागज़ पर तो चाँद पे भी पानी है. चालू दिखाओ. ग्यारह बजे ना? बुला लेना मुझे."

"सर, वो... ग्यारह बजे फोन बजेगा तो..."

"तो?"

बाबूंचा बूट निरंजनच्या चपलेवर आला आणि तिथंच राहिला.

"कुछ नहीं सर. बुला लेता हूँ."

मागच्या खोलीत येऊन तो स्क्रीनसमोर बसला. डबा तीन वेळा प्रयत्न करतो. अकराला, अकरा दहाला, अकरा वीसला. त्यानंतर दुसऱ्या दिवशी अकरालाच. तिनाचे दहा करता आले असते, इथूनच, लाईन जोडलेली असताना. चार दिवसांपूर्वी त्याच्या मनात आलंही होतं. पण तपासणी तोंडावर आली, चालत्या गोष्टीला हात नको, असा विचार त्यानं केला. गरीब माणूस असाच विचार करतो आणि तिथंच मार खातो.

अकराला घंटी झाली. इथला मोडेम दुसऱ्या घंटीला उचलतो. पहिलीच घंटी मधल्या खोलीत लाल फोनवर ठणठणली आणि बाबूंचा आवाज आला, "सर, भोपाल होगा!" बाबूंनी स्वतः रिसीव्हर उचलला, दोन्ही हातांनी साहेबांपुढं धरला. प्रसाद देतात तसा.

"हलो? हलो?... ये क्या चीं-चीं है? फैक्स है क्या?" साहेबांनी ठेवून दिला.

स्क्रीनवर दोन शब्द उमटले, लाईन गेल्याचे. निरंजनला ते शब्द पाठ होते. चार महिने ते त्यानं शिवीसारखे खाल्ले होते.

तो धावत बाहेर व्हरांड्यात गेला, जिथं मोबाइल लागतो, आणि तुकईथडचा नंबर फिरवला.

"सुपडूभाऊ, डबा ठीक आहे ना?"

"डबा ठीक आहे. पण कोनतरी मानूस हलो हलो करे त्याच्यात. कोन व्हता?"

"साहेब."

"मंग साहेबाले सांग ना, मशीन बोलू राहिलं, तू चूप बस."

"कसं सांगू?"

"तोंडानं सांग."

"भाऊ, तुम्ही ठेवा आता. लाईन मोकळी पाहिजे त्याला."

आत येऊन त्यानं राखणदाराची फाईल उघडली, दोन घंट्यांची एक केली, प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. आता मोडेम पहिल्याच घंटीला उचलेल. लाल फोन अर्धीच घंटी देईल. अर्ध्या घंटीला कोण उठतं?

बाबू उठले. अकरा दहाला लाल फोननं नुसतं कुं केलं, आणि बाबू, जे फाईल आणायला सांगितली तर पाऊण तास लावतात, ते वीज पडावी तसे टेबलावर पडले. मोडेमची चिरचिर सुरू झाली होती. दोन मशीनी एकमेकींना चाचपत होत्या, पंधरा-वीस सेकंदांचं काम. बाबूंनी त्यात "हलो, बुरहानपुर ऑफिस" टाकलं. पुन्हा तेच दोन शब्द.

आता निरंजन गेलाच मधल्या खोलीत.

"सर, एक विनती है. अगली बार फोन बजे तो... उठाइए मत."

साहेब काजू खात होते. चावायचे थांबले.

"मैं फोन न उठाऊँ?"

"हाँ सर. मतलब, आपका फोन नहीं होगा. मशीन का फोन होगा."

"मशीन का फोन." साहेब बाबूंकडं पाहून हसले. बाबू त्यांच्यापेक्षा जोरात हसले. "और मंत्रालय का आ गया तो? मशीन बात करेगी उनसे?"

"अरे निरंजन, जा बाबा आत," बाबू मराठीत म्हणाले. "सर, लड़का मेहनती है, थोड़ा..." आणि त्यांनी कानशिलाजवळ बोट गोल फिरवलं.

चाळिशीचा 'लड़का' आत आला.

अकरा सतराला मंत्रालयाचा फोन आला. पण मोडेमला काय कळतं, मंत्रालय कोण आणि डबा कोण? त्यानं पहिल्या घंटीला उचलला आणि मंत्रालयाच्या कानात चिरकला. बाबूंनी झडप घातली, मोडेमला कोणी ओळखीचं भेटलं नाही म्हणून तो गप्प झाला, आणि साहेबांचा आवाज एकदम मऊ झाला, "जी सर. जी सर. नहीं सर, लाइन में थोड़ी गड़बड़ है. जी, आँकड़े मेरे पास हैं, लिखवाता हूँ."

साहेब आकडे सांगू लागले. पाच तालुके, सतरा गावं. निरंजन घड्याळाकडं पाहत होता. अकरा अठरा. आज तुकईथडहून आता फक्त एकदाच फोन येणार होता. त्याला लाईन बिझी लागणार होती, आणि नऊ वर्षं संपणार होती. भिंतीपलीकडं साहेब दहाव्या गावावर आले होते.

त्यानं बाबूंना खुणेनं बोलावलं. बाबू दाराशी आले.

"बाबूजी, पाया पडतो. दोन मिनिटांत फोन संपवायला सांगा."

"मंत्रालय आहे तिकडं! तुला नोकरी गमवायची का?"

"तीच जाऊ राहिली ना."

"तुझी जाऊ राहिली. माझी कशाला घालवतो?" बाबू कुजबुजले, आणि खरं सांगायचं तर ते खोटं बोलत नव्हते. त्यांना निवृत्तीला चौदा महिने होते. ते परत साहेबांमागं जाऊन उभे राहिले, हात पुढं बांधून.

अकरा एकोणीस.

निरंजन उठला. डबीपाशी गेला. सकाळी लावलेली टेप नखानं उचकटली आणि पिळलेली वायर ओढली. सुटली. एवढीशी गोष्ट. सोन्याच्या तारेसारखं तांबं त्याच्या दोन बोटांत होतं.

"हलो? हलो, सर? सर?" भिंतीपलीकडून आलं.

तिकडच्या माणसानं ठेवला असावा. लाईन मोकळी झाली. निरंजन मोजत होता. चाळीसपर्यंत मोजलं असेल. घंटी झाली. राखणदार उठला. मोडेम चिरकला, घोगरा झाला, पुन्हा चिरकला, मग तो सुस्कारा आला जो निरंजनला झोपेतही ओळखता आला असता. नाव विचारलं. पासवर्ड विचारला. पत्ते दिले. आणि स्क्रीनवर आकडे उतरायला लागले, एकाखाली एक, तुकईथडचं पाणी, तासातासाचं. शेवटची ओळ दोन मीटर चौतीस.

"सर!" तो ओरडला. "सर, आइए! आ गया!"

साहेब आलेच. ते न बोलावताही येणार होते. हातात लाल रिसीव्हर, त्याची गुंडाळलेली दोरी लोंबत होती, मागं बाबू बाकीचा फोन उराशी धरून.

"फोन किसने काटा?"

"सर, ये देखिए, डेटा..."

"मैंने पूछा फोन किसने काटा?"

साहेबांनी स्क्रीनकडं पाहिलं नाही. स्क्रीन त्यांच्यापासून दीड हातावर होती, आकडे अजून उतरत होते, मोडेमचे दिवे लुकलुकत होते. साहेब पाहत होते निरंजनच्या बोटांतल्या वायरीकडं.

"मंत्रालय का फोन था. जानते हो किसका था? मेरे मुँह पर कट गया. वो समझेंगे मैंने पटक दिया."

"सर, एक बार देख लीजिए, बस एक नज़र..."

"जोड़ो इसे."

"सर, अभी जोड़ा तो ये..."

"सर, दिहाड़ी का आदमी है," बाबू मधे पडले. "मैं माफी माँगता हूँ सर. निरंजन, जोड आधी. जोड रे बाबा."

कोणती वायर कोणत्या वायरीला, हे ऑफिसात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. म्हणून ती पुन्हा निरंजननंच पिळली. टेप चिकटेना, चुन्याची धूळ लागली होती. त्यानं ती पँटला पुसून चिकटवली. साहेबांनी तिथंच रिसीव्हर कानाला लावला, चिरचिर ऐकून तोंड वाकडं केलं, खटके दोनदा दाबले. स्क्रीनवर आकडे थांबले. खाली ते दोन शब्द आले. मग साहेबांनी भोपाळचा नंबर फिरवला आणि पुष्कळ वेळ 'जी सर' म्हणाले.

पावणेबाराला साहेबांनी तपासणीचा अहवाल सांगितला. टाईप करणारा ऑफिसात एकच होता.

निरंजन टाईप करू लागला. कार्यालय स्वच्छ आढळलं. रंगरंगोटी समाधानकारक. यंत्रणा निरीक्षणाच्या वेळी चालू आढळली नाही. तीन वेळा प्रयत्न झाले, तिन्ही असफल.

"सर," तो म्हणाला, "तीसरा..."

"लिखो. तीनों असफल. ऑपरेटर का व्यवहार आपत्तिजनक."

त्यानं लिहिलं. हात सवयीनं चालत होते, एकही चूक झाली नाही. नऊ वर्षांत त्याच्या टाईपिंगला कोणी नाव ठेवलं नव्हतं.

"तीन कॉपी काढ," बाबू हळूच म्हणाले. त्याच्याकडं न पाहता त्यांनी बशीतले उरलेले काजू कागदात बांधून त्याच्या टेबलावर ठेवले. "घरी ने. भूमिकाला दे." भूमिका निरंजनची मुलगी. बाबूंना तिचं नाव माहीत आहे, हे त्याला त्या दिवशी कळलं.

साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच लाल फोन वाजला. मोडेम उचलणार तेवढ्यात बाबूंनी उचलला, सवयच झाली होती. "निरंजन, तुझा आहे. तुकईथड."

निरंजननं रिसीव्हर घेतला. पहिल्यांदाच त्यानं तो हातात धरला. चांगला जड होता.

"लागला का रे भाऊ?" सुपडू विचारत होता. "तिसऱ्या टायमाले डबा लई वेळ बोलला. मी कान लावून बसेल होतो."

"लागला."

"मंग! साहेबानं पाहिलं?"

मागच्या खोलीत प्रिंटर तिसरी कॉपी ओढत होता.

"भाऊ," निरंजन म्हणाला, "पट्टीवर आता किती आहे?"

"काबरं? डब्यानं सांगितलं असंल ना."

"तुम्ही सांगा."

सुपडू गेला. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग त्याच्या चपला, मग लांबून नदी. निरंजननं वही ओढली, जुनी, जिच्यात डबा यायच्या आधीचे आकडे होते, आणि पेन उघडून वाट पाहत बसला.